कापूस झाडाला, दिवा भिंतीला

आमच्या घरी नाताळ काटे टोचून घेऊन सुरू व्हायचा. अमरावतीला आमचं घर वलगावकडून येणाऱ्या रस्त्यावर होतं, आणि दिवाळी सरली की त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाड्या इतक्या ठासून भरलेल्या असत की दोन्ही अंगांनी कापूस बाहेर डोकावायचा, आणि कडेच्या बाभळी जाता जाता त्यातला आपला वाटा काढून घ्यायच्या. महिन्याभरात बाभळी पांढऱ्याधोप होऊन जात. तो कापूस मग कोणाचाच नसे. गाडीवाल्याला वळून बघायची फुरसत नसायची आणि झाडाला तो नको असायचा. आई माझ्या हातात टोपली द्यायची आणि आम्ही दोघी सकाळच्या उन्हात रस्त्याच्या कडेकडेनं कापूस वेचत जायचो. "काटा पाह्य आंधी, मंग हात घाल," असं ती दर झाडाशी म्हणायची आणि दर झाडाशी मला काटा टोचायचाच. दोन पायल्यांची टोपली भरायला चार-पाच सकाळी लागत. तोवर माझे हात मांजरांच्या भांडणात सापडल्यासारखे ओरबाडून निघालेले असत.

या कापसाचा उपयोग ऐकाल तर हसाल. आजोबा मिशनच्या बंगल्यावर माळी होते. तिथल्या मडमेनं त्यांना एकदा विलायतेहून आलेलं नाताळचं चित्र दाखवलं. चित्रात एक घर, वर एक चांदणी आणि दारातलं झाड पांढरं. आजोबांनी विचारलं, हे झाडावर काय हो? मडम म्हणाली, बर्फ. आजोबांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो एकदाच, स्टेशनवर, भुश्यात गुंडाळलेला, आणि तो काही झाडावर बसण्यासारखा नव्हता. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की साहेबाच्या देशातही कापसाच्या गाड्या झाडांना घासून जात असणार आणि बाई उगाच मोठेपणा करून त्याला बर्फ म्हणत असणार. त्यांनी आमच्या अंगणात एक बाभूळ राखली. दारात बाभूळ ठेवणारं आळीतलं आमचं एकच घर. शेजारचे वकीलसाहेब आजोबांना म्हणायचे, "बापा, आंबा लाव, जांभूळ लाव, बाभूळ कोन राखते?" पण नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या काट्याकाट्यावर आम्ही कापूस चढवला की तेच वकीलसाहेब नातवंडांना घेऊन कुंपणाशी येऊन उभे राहात. दोरा लागत नाही, खळ लागत नाही, बाभळीला कापूस आपोआप धरून ठेवता येतो.

बाकीची आरासही सगळी घरचीच आणि सगळी घराबाहेरची. घरात सजवण्यासारखं काही नव्हतंच, दोन खोल्या आणि एक पडवी. संत्री स्वस्त झालेली असत. आई ती अशी सोलायची की अर्धं साल वाटीसारखं अखंड निघावं. त्यात जवसाचं तेल घालायचं, वात ठेवायची आणि असे तीस-चाळीस दिवे अंगणाच्या मातीच्या भिंतीवर ओळीनं मांडायचे. जळताना त्यांचा आंबटगोड कडसर वास सुटायचा. त्या दिवसांत घरात करंज्यांचं सारण परतलं जात असायचं, मागच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असायची, पाळण्यातली धाकटी बहीण रडत असायची आणि सगळ्यावर सरकी काढणाऱ्या जिनाची घरघर. कापसाच्या हंगामात जिन दिवसरात्र चालायचे. ती घरघर आम्हाला ऐकू यायची ती फक्त थांबली म्हणजे. आज माझ्या नातसुना दुकानातून दिव्यांची माळ आणतात आणि भिंतीत खुपसून मोकळ्या होतात. मी काही बोलत नाही. म्हाताऱ्या माणसानं दर सणाला नाक मुरडलं की त्याला फराळाचं ताट शेवटी येतं.

सगळ्यांत मानाची ती चांदणी. बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा सांगाडा, त्यावर पतंगी कागद, खाली कागदाच्याच झिरमिळ्यांची शेपटी आणि पोटात तेलाचा दिवा. अंगणात रस्त्याच्या बाजूला उंच बांबू पुरलेला असायचा, त्यावर दोरीनं ती चढवायची. सांगाडा आजोबांचाच. कागद दरवर्षी नवा. आजोबा गेल्यावर हे काम बाबांकडे आलं, आणि त्याबरोबर आजोबांचा एक नियमही आला. कापूस झाडाला, दिवा भिंतीला. बाभूळ अंगणाच्या एका टोकाला आणि दिवे दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस पावलं मोकळी. चांदणी बांबूवर, तिच्याजवळ कापसाचा एक धागाही जाता कामा नये. बाबा हे वाक्य त्या दिवसांत इतक्यांदा म्हणत की आई म्हणायची, आता पोरगी पाळण्यातूनच ते बोलायला लागेल.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना भीत होते. हे मी प्रेमानं सांगते. इन्स्पेक्टरला भीत, विंचवाला भीत, आळीत कोणाशी वाद होईल याला तर फारच भीत. "आपन थोडे लोक, जपून राहावं," हे त्यांचं ब्रीद. रस्त्यात कोणाचा धक्का लागला तर माफी बाबाच मागायचे. मी त्यांचीच मुलगी. भीती वाटली की माझा आवाज जायचा. घशात काहीतरी येऊन बसायचं आणि तोंड नुसतंच उघडं राहायचं. शाळेत एकदा बाकाखाली साप निघाला तेव्हा सगळ्या पोरी ओरडल्या, मी तेवढी ओरडले नाही, म्हणून बाईंनी मला धीट ठरवून सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

कापसाची आग कशी असते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. जिनातले पहारेकरी रहमानचाचा कामावर जाता-येता आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायचे आणि त्यांनीच ते मला सांगितलं होतं. "बेटी, लकडी की आग सामने से आती है. कपास की आग चोर है. ठिणगी आत जाते, बसते. न धुआं, न उजाला. दोन-दोन घंटे आतल्या आत चालत राहते. और जब हवा मिलती है ना..." एवढं बोलून ते हाताचा पंजा एकदम उघडून दाखवायचे. त्या उघडणाऱ्या पंजाला मी भ्यायचे आणि तरी तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि चांदणीतला दिवा लावायचा मान पहिल्यांदाच मला मिळणार होता. दुपारी बाबा आंघोळीला गेले, आई करंज्या तळत होती आणि चांदणी पडवीत एकटी माझ्यापुढं होती. टोपलीत थोडा कापूस उरला होता. मला आजोबांनी सांगितलेलं मडमेचं ते चित्र आठवलं. त्यात पांढरं नुसतं झाड नव्हतं, सगळंच पांढरं होतं. मी कापसाचे बारीक पुंजके केले आणि खळीनं चांदणीच्या शेपटीला चिकटवले, कागदाच्या आतल्या बाजूनं, म्हणजे बाबांना दिसू नयेत आणि दिवा लागला की मात्र झळकावेत. नियम मला पाठ होता. पण मला वाटलं, एवढासा तर कापूस. आजवर किती माणसांनी हेच मनाशी म्हणून काय काय केलं असेल, देव जाणे.

दिवेलागणीला मी दिवा लावला. बाबांनी दोरी ओढली, चांदणी वर गेली, आई धाकटीला कडेवर घेऊन बघत उभी राहिली. कापूस कोणाला दिसला नाही. रिवाज असा की दिवा लावणाऱ्यानं काही वेळ खाली बसून राखण करायची. बाबा प्रार्थनेला जायचं म्हणून कोट घालायला आत गेले, आई आत गेली, आणि मी रस्त्याकडेला एकटी राहिले. गाड्या चालल्याच होत्या. चाकांची करकर, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, मध्येच कोणाचा तरी खोकला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, चांदणी वळली, शेपटी वर उचलली गेली आणि आतला एक पुंजका पेटलेला मला दिसला. चिंचोक्याएवढा लाल ठिपका. तो सुटला, वाऱ्यावर तरंगला आणि रस्त्यानं चाललेल्या गाडीवर अगदी अलगद उतरला.

त्या गाडीच्या कापसावर एक मुलगी पालथी पडून मागं बघत होती. माझ्याहून लहान. अंगात मोठ्या माणसाचा काळा कोट, बाह्या हाताच्या कितीतरी पुढं लोंबणाऱ्या. ठिपका तिच्या पायाशी पडला आणि कापसात नाहीसा झाला. माझा हात वर गेला. ओरडायचं म्हणून गेला, पण नेहमीसारखा आवाज आलाच नाही. हात नुसता वर राहिला. त्या मुलीला वाटलं मी तिला हात करते आहे. ती हसली आणि कोटाची रिकामी बाही जोरजोरानं हलवू लागली. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर ती बाही हलवत होती.

मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. मी गाडीमागं धावले नाही. मी दोरी सोडून चांदणी खाली घेतली, शेपटीचे उरलेले पुंजके ओरबाडून काढले, परकराच्या ओच्यात खोचले आणि चांदणी पुन्हा वर चढवली. बाबा बाहेर आले तेव्हा मी जागच्या जागी बसलेली होते. ते म्हणाले, "शाब्बास, सुशे." मी मनाशी म्हणत होते की ठिणगी विझली असेल. एवढीशी तर होती.

मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी-तबला लागला होता. बाबा पुढं उभे राहून भजनं सांगायचे आणि मंडळी मागून म्हणायची. पहिलं भजन झालं. मला समोरच्या दिव्याच्या काचेत तो लाल ठिपका दिसायला लागला. दुसरं भजन लागलं तेव्हा जिनाचा भोंगा वाजला, रोजचाच, पाळी बदलण्याचा, पण मी दचकून आईचा पदर घट्ट धरला. आईला वाटलं मला थंडी वाजते, तिनं शाल पांघरली. शालीत मला घाम फुटला. ती मुलगी आता झोपली असेल, मी विचार करत होते. गाडीवाल्यांची पोरं कापसावरच झोपतात. खाली ऊब लागली तर तिला बरंच वाटेल, ती आणखी आत शिरेल. हा विचार एकदा आला आणि मग दुसरा विचारच येईना. सांगितलं तर काय होईल तेही मला दिसत होतं. ख्रिस्ताव मास्तरच्या चांदणीनं गाडी पेटवली, असं उद्या गावभर होईल. बाबांना लोक धरतील. आजोबांची चांदणी जाईल. आणि बाबा माझ्याकडे बघतील.

तिसऱ्या भजनाला मी उठले. बसलेल्या सगळ्या बायकांच्या मधून वाट काढत पुढं गेले आणि बाबांचा कोट ओढला. ते गाता गाता डोळ्यांनीच रागावले. मी पुन्हा ओढला. ते वाकले. एवढ्या लोकांच्या गाण्यात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार नव्हता, म्हणूनच बहुधा तो निघाला.

"बाबा, चांदणीची ठिणगी कापसाच्या गाडीवर पडली. तिच्यावर एक पोट्टी होती."

"कधी?"

"दिवा लावला तेव्हाच."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं आणि मला वाटलं, आता हे खाली बसतील. पण त्यांनी पुस्तक पेटीवाल्याच्या मांडीवर ठेवलं, माझा हात धरला आणि चालू भजनातून आम्ही बाहेर पडलो. सायकलच्या दांडीवर बसताना मला त्यांचे हात दिसले, मुठीवर घट्ट धरलेले. वाटेत मी विचारलं, "बाबा, मारतील का आपल्याले?" ते पायडल मारत म्हणाले, "मारतील कदाचित." मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. बापानं असं खरं बोलावं याची मला त्या दिवशी जितकी भीती वाटली तितकी आगीचीही वाटली नव्हती.

जिनाला लागून असलेल्या कापसाच्या बाजाराच्या मैदानात दीड-दोनशे गाड्या तरी उभ्या होत्या, चाकाला चाक लागून. सकाळच्या लिलावासाठी आदल्या दिवशीच नंबर लावायचे. फाटकाशी रहमानचाचा भेटले. बाबांनी त्यांना सांगितलं. चाचांनी आधी दोन्ही हातांनी बाबांचे खांदे दाबले. "मास्टर, आग का नाम मत लेना. एक बार कोई चिल्लाया तो बैल भडकेंगे, गाड्यांवर पोरं झोपली हायेत, सब कुचल जाएंगे. चुपचाप चलो. गाडी ओळखेल का बेटी?" मी मान हलवली. गाडी कुठं ओळखत होते मी? मी कोट ओळखत होते.

मग आम्ही तिघं त्या ओळींमधून चालत गेलो. चाचांच्या हातात कंदील होता, तो त्यांनी उपरण्याखाली झाकलेला. पळायचं नाही, बोलायचं नाही, कोणी विचारलं तर हसून पुढं जायचं. ठिकठिकाणी माणसं भाकरी खात होती, कोणी आम्हाला रामराम घालत होतं, बाबा रामराम घालत होते. दर गाडीशी मी टाचा उंचावून वर बघायचे. गोधडी. टोपलं. म्हातारा. पुन्हा गोधडी. ओळ संपायची आणि दुसरी सुरू व्हायची. एकेका गाडीमागं मला चाचांचा तो उघडणारा पंजा दिसत होता. चौथ्या ओळीत मला वास आला. जळक्या चिंधीचा, अगदी थोडा. आणि वर बघितलं तर काळी बाही खाली लोंबत होती.

गाडीवाला चाकाला टेकून पानतंबाखू काढत बसला होता. बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच बोलले. तो आधी हसला. "काय म्हनता मास्तर, भांग-बिंग..." मग त्याचं नाक हललं. तो उठला. आजही मला त्या माणसाचं नवल वाटतं. तो ओरडला नाही की धावला नाही. त्यानं वर हात घालून पोरीला कोटासकट उतरवलं आणि माझ्या अंगावर दिलं. "धर इले. सोडू नोको." त्यानं बैल जुंपले, त्यांच्याशी रोजच्यासारखं बोलत, "चाल माह्या राजा, चाल, पानी प्याले चाल," आणि आत आग असलेली ती गाडी ओळीतून बाहेर काढली. दोन्हीकडे दीड हाताचं अंतर ठेवून कापसाच्या गाड्या. धक्का लागला, कापूस उसवला, वारा शिरला की संपलं. बाबा गाडीच्या मागच्या कडेला एक हात ठेवून चालत होते. ते माघारी वळले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. मी त्या मुलीला धरून मागं चालत होते. ती झोपेतून अर्धवट जागी, गरम अंगाची, माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "मले गरम होऊन राह्यलं होतं."

नाल्याच्या काठाला मोकळ्यात त्यानं बैल सोडले आणि दोघांनी मिळून गाडी कलती केली. कापूस घसरला, मध्ये एक काळं भोक दिसलं आणि मग भप्प. माणसाच्या उंचीची ज्वाला एकदम उभी राहिली, बाबा मागं पडले, त्यांच्या भुवया जळाल्या. ज्या जागी ती मुलगी पालथी पडलेली होती तीच ती जागा होती. चाचा, बाबा आणि गाडीवाला हातांनी, घोंगड्यांनी, नाल्याच्या पाण्यानं पेटता कापूस वेगळा करत राहिले. अर्ध्याहून जास्त वाचला. बाकीचा काळा होऊन वाहून गेला.

सगळं विझल्यावर गाडीवाल्यानं विचारलं, "मास्तर, तुमाले हे कसं मालूम?"

मी तोंड उघडलं. घशात तेच येऊन बसलं. बाबा म्हणाले, "माह्या घरची चांदणी. ठिणगी जाताना म्या पाह्यली. सांगायले उशीर झाला, तो बी माहाच."

बाबा खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गाडीवाल्यानं हात उचलला आणि बाबांच्या थोबाडीत मारली. इतका वेळ त्यानं आवाज केला नव्हता तो सगळा त्या हातात होता. बाबांनी हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही. दुसरी बसणार तेवढ्यात चाचा मध्ये पडले. मी ती मुलगी कडेवर घेऊन उभी होते आणि माझ्या ओच्यात कापसाचे पुंजके होते.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. त्यांनी विचारलं, "किती वेळ गप्प होती?" मी सांगितलं, तिसऱ्या भजनापर्यंत. मग शेपटीला लावलेल्या कापसाचंही सांगितलं. ओच्यातला काढून दाखवला. त्यांनी तो बघितला आणि रस्त्याच्या कडेला टाकला. मला वाटलं आता मारतील, आणि खरं सांगते, मारावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, "तुह्या जागी म्या असतो, सुशे, तं सारी भजनं होईपर्यंत गप्प बसलो असतो."

नाताळच्या सकाळी बाबांचा गाल सुजलेला आणि भुवया नाहीत. आई विचारायची ती विचारून झाली होती आणि रडायची ती रडून झाली होती. नुकसानीचं काय करायचं ते वकीलसाहेब बसून ठरवणार होते. एवढ्यात दारात गाडी थांबली. आईनं खिडकीतून पोरीच्या अंगातला काळा कोट पाहिला आणि पांढरी पडली. "तोच हाय. दार लावा." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

गाडीवाला एकटाच होता, म्हणजे तो आणि ती मुलगी. गाडी रिकामी. उरलेला कापूस विकला गेला होता. "पोट्टी आयकत नाही," तो दणदणीत आवाजात म्हणाला. "चांदणी पाह्याची म्हनते. दाखव मास्तर, हाय तरी काय ते." बाबांनी चांदणी खाली घेतली. त्यानं ती चहूकडून फिरवून पाहिली, कामट्यांच्या गाठी बोटांनी चाचपल्या. "काम चांगलं हाय. पन खाली एखादं पितळी-बितळी बांधत जा ना, बापा. पडलंच तं त्यात पडन." बाबा म्हणाले, बांधतो. दोन माणसं बांबूकामाबद्दल बोलू लागली आणि मला वाटलं, संपलं. सुटले मी.

तेवढ्यात त्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. तिचं नाव चंद्री. आनंदानं उड्या मारत ती म्हणाली, "बा, हेच ते पोट्टी! इनं काल मले हात केला होता! म्या बी केला!"

गाडीवाला माझ्याकडे बघून हसला. बाबांनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं. काही बोलायची गरज नव्हती. नुसतं हसले असते तरी भागलं असतं, आणि ती मुलगी जन्मभर सांगत राहिली असती की अमरावतीच्या रस्त्यावर एका पोरीनं मला हात केला होता. घशात ते येऊन बसलेलंच होतं. त्याच्या कडेनं कसाबसा आवाज काढत मी म्हणाले, "म्या हात नव्हता केला. इस्तो पडताना पाह्यला म्या. ओरडाले आलंच नाही. मंग म्या कोनाले सांगितलं नाही. चांदणीले कापूस बी म्याच लावला होता. बाबाले काहीच मालूम नव्हतं."

चंद्रीला समजायला थोडा वेळ लागला. मग ती मागं सरकत सरकत बापाच्या धोतराआड गेली. गाडीवाला माझ्याकडे वळला. मी डोळे मिटून घेतले. कानशिलाशी हात येण्याची वाट पाहिली. हात आला नाही. तो बाबांना म्हणत होता, "मंग मास्तर, तुले तं म्या फुकटच मारलं."

"फुकट नाही," बाबा म्हणाले. "चांदणी माह्याच घरची हाय, पोरगी बी माहीच हाय."

मग आईला सणाची आठवण झाली. तिनं करंज्यांचं ताट आणलं आणि माझ्या हातात दिलं, पाहुण्यांना दे म्हणून. गाडीवाल्यानं एक उचलली. चंद्रीपुढं मी ताट धरलं तर तिनं दोन्ही हात त्या लांब बाह्यांत ओढून घेतले. मी तशीच उभी राहिले. आईनं माझ्याकडून ताट घेतलं, तिच्यापुढं धरलं, तेव्हा तिनं हात बाहेर काढला आणि करंजी घेतली. तिचं काही चुकलं नाही.